पेट स्कॅनवर गाठ उजळली, म्हणून कॅन्सरच?

फुप्फुसात गाठ दिसली आणि सीटीच्या रिपोर्टात शेवटी ‘कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही’ असं वाचलं की घरात चूल पेटत नाही. खरं तर ते निदान नसतं. पुढे तपासा, एवढंच रेडिओलॉजिस्ट सांगत असतो.

आपल्याकडे फुप्फुसातल्या अशा गाठीमागे टीबी पुष्कळदा निघतो. कडा काटेरी, वजन घटलेलं, खोकल्यातून रक्त, सगळं कॅन्सरसारखंच. मग पेट स्कॅन होतो. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी ते भराभर ओढून घेतात, पण टीबीच्या जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही तेच करतात. त्यामुळे गाठ दोन्हीकडे उजळते. गाठ किती उजळली हे सांगणारा ‘एसयूव्ही’चा आकडा बघून रात्र जागवू नका.

काही गाठी मात्र स्वतःच ओळख देतात. हॅमार्टोमा या निरुपद्रवी गाठीत चरबी दिसते, कधी मक्याच्या लाहीसारखं कॅल्शियमही. टीबीने पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा असेल, तर रुग्णाला पालथं झोपवून सीटी काढल्यावर तो बहुधा जागचा सरकतो. कॅन्सरची गाठ अशी लोळत नाही.

घरात छातीचा जुना एक्स-रे किंवा सीटी असेल तर आधी तो शोधा. नोकरीला लागताना काढलेला, हर्नियाच्या ऑपरेशनआधीचा, कुठलाही चालेल. भरीव गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. (लोक सोनोग्राफीचे फोटो जपतात आणि छातीची फिल्म रद्दीत घालतात!)

तरीही शंका उरली तर बायोप्सी. सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती घालणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. तसा धोका अगदी नगण्य आहे. त्यापेक्षा डॉक्टरांना एक आठवण करा: तुकडा फॉर्मॅलिनबरोबरच वेगळ्या बाटलीत सलाईनमध्येही पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर होत नाही आणि कुठली औषधं लागू पडतील हे कळायचं राहून जातं.

उलटी चूकही होते. ‘टीबीच असेल’ म्हणून तपासणीविना गोळ्या सुरू होतात आणि कॅन्सरला मोकळं रान मिळतं. तुमच्या बाबतीत असं झालं असेल आणि दोन महिन्यांनी गाठ वाढलेली दिसली, तर गोळ्यांचा कोर्स संपायची वाट पाहू नका. बायोप्सीची तारीख घ्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढत असाल तर.