दुखणं पायात, चौकशी हृदयाची!

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. पन्नास पावलं चालले की पोटऱ्या भरून येतात. पायाच्या रक्तवाहिनीची बायपास ठरली आहे. छातीत त्यांच्या कधीच दुखलं नाही, तरी सर्जन म्हणतात, ‘आधी हृदयाचा फिटनेस आणा.’ हे कशासाठी? आणि आणायचाच, तर थेट अँजिओग्राफी करून हृदयातले अडथळे आधीच का काढू नयेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘छातीत कधीच दुखलं नाही’ या वाक्याने तुम्हाला धीर येतो, सर्जनला येत नाही. छातीत दुखायला हृदयावर ताण पडावा लागतो. तुमच्या वडिलांचे पाय तो पडूच देत नाहीत, पन्नासाव्या पावलालाच थांबवतात. त्यात मधुमेह असेल, तर हृदयाची कळ जाणवेलच असंही नाही.

पायाची नळी ज्या चरबीने आणि चुन्याने बुजते, त्यानेच हृदयाचीही बुजते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९८४ साली रक्तवाहिन्यांच्या १००० रुग्णांच्या अँजिओग्राफीचे निष्कर्ष छापले. हृदयाच्या धमन्या अगदी स्वच्छ निघाल्या त्या जेमतेम ८ टक्क्यांच्या.

एरवी फिटनेस देताना फिजिशियन एक फुकटचा प्रश्न विचारतात : दोन जिने न थांबता चढता का? चढणाऱ्याचं हृदय बहुधा भूल आणि शस्त्रक्रिया सोसतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा प्रश्न निकामी आहे. ते धापेने थांबतात की पोटरीने, हे कसं कळणार? ट्रेडमिलचंही तेच. म्हणून त्यांना झोपवूनच, औषधाने हृदय पळवून इको काढतात.

पण सगळ्यांनाच ही तपासणी लागत नाही. आधी गुण मोजतात. १९९९ साली ली आणि सहकाऱ्यांनी दिलेली सहा कलमांची यादी आजही वापरात आहे : मोठी शस्त्रक्रिया, हृदयाच्या धमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, पूर्वीचा पक्षाघात, इन्सुलिनवरचा मधुमेह आणि २ च्या वर गेलेलं क्रिएटिनिन. गंमत अशी की, यादीत रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया ‘मोठी’ ठरते ती जांघेच्या वर असली तरच. पायाच्या बायपासला गुण शून्य, रुग्णाचं हृदय मात्र तितकंच आजारी! त्यामुळे अशा रुग्णांचा धोका ही यादी कमीच दाखवते. निव्वळ गुणांवर विसंबू नये, असं माझं मत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अडथळे आधी काढावेत, हे इतकं सरळ वाटतं की डॉक्टरही बरीच वर्षं तसंच करत. २००४ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया ठरलेल्या ५१० रुग्णांपैकी निम्म्यांच्या हृदयावर आधी बायपास किंवा अँजिओप्लास्टी केली, निम्म्यांना नुसती औषधं दिली. सुमारे पावणेतीन वर्षांनी मृत्यूचं प्रमाण पाहिलं : २२ आणि २३ टक्के. हाती काही लागलं नाही, मूळ शस्त्रक्रिया तेवढी लांबली. बोट काळं पडू लागलेल्या पायाला अशी दिरंगाई परवडत नाही. शिवाय स्टेंट घातला की पुढचे काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेसाठीही थांबवणं धोक्याचं असतं. मुख्य डाव्या धमनीतला मोठा अडथळा किंवा बसल्या जागी छातीत दुखणं, ही गोष्ट वेगळी. तिथे हृदय आधी. बाकी तपासणीचा निकाल काहीही आला तरी बेत बदलणार नसेल, तर ती तपासणी कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

वडिलांच्या स्टॅटिनच्या आणि चालू असलेल्या बीटा-ब्लॉकरच्या गोळ्या ‘ऑपरेशन आहे’ म्हणून परस्पर बंद करू नका. बीटा-ब्लॉकर ऐन शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्याने सुरू करणंही वाईट. २००८ सालच्या आठ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात त्याने हार्ट अटॅक घटले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

शस्त्रक्रियेनंतरचा हार्ट अटॅक बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो आणि वेदनाशामकांच्या गुंगीत रुग्णाला कळतही नाही. तेव्हा त्या दिवसांच्या बिलात ट्रोपोनिनची रक्ततपासणी दिसली, तर ती उगाच लावलेली समजू नका.