समुद्रावरून आलेले इंजिन : घरच्या घरी देखभाल



गोळीबाराचा सराव संपला की रायफल साफ झाल्याशिवाय शस्त्रागारात जात नाही. 'उद्या करू' ही सवलत तिथे नसते, कारण नळीत राहिलेली घाण रात्रभर आपले काम करत असते. होडीच्या इंजिनाचेही तसेच आहे. त्याचे पुष्कळसे बिघाड समुद्रावर दिसतात, पण त्यांची सुरुवात घरी, इंजिन न धुता कोपऱ्यात ठेवले त्या दिवशी झालेली असते. आजच्या पाठाचा मुद्दा एवढाच आहे.

तंजावर म्हटले की मोठे देऊळ, सरस्वती महाल आणि भातशेती आठवते. पण या जिल्ह्याला पाल्क उपसागराचा किनाराही आहे. दुसरे सरफोजी राजे यांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला आठ मजली, षट्कोनी मनोरा मल्लिपट्टिणमजवळ आजही उभा आहे. त्याच किनाऱ्यावरून आज फायबरच्या होड्या आउटबोर्ड इंजिन लावून निघतात. हे इंजिन होडीच्या मागे अडकवलेले असते आणि काढून घरी आणता येते. मोठ्या यांत्रिक बोटींना पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारीबंदी असते. तुमची उन्हाळी सुट्टीही याच काळात येते. घरी वा ओळखीत होडी असेल तर हात लावून शिकण्याची हीच वेळ.

चूक किती महाग पडते तेही पाहा. इंजिन बंद पडले की होडी वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते. पाल्क उपसागर अरुंद आहे आणि १९७४ च्या करारानुसार आखलेली भारत-श्रीलंका सागरी सीमा इथे फार दूर नाही. शंभर रुपयांच्या आत सुधारता आला असता असा दोष माणसांना सीमेपलीकडे नेऊ शकतो.

१. गोडे पाणी

आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी ओढून थंड होते. ते पाणी सुकले की आतल्या वाटांत मीठ साचते. म्हणून परतल्यावर त्याच दिवशी पंखा काढून इंजिन गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये उभे करावे. पाणी ओढण्याची जाळी पूर्ण बुडली पाहिजे. मग न्यूट्रलमध्ये, कमी वेगावर दहा मिनिटे चालवावे. मागून पाण्याची बारीक धार येते का ते पाहत राहावे. धार नसेल तर ताबडतोब बंद करावे. कोरडे इंजिन 'फक्त पाहण्यासाठी' चालू करू नये. पंपातला रबरी इम्पेलर काही क्षणांत जळतो.

२. इंधन

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा ओढून घेते. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. इंजिन काही आठवडे पडून राहणार असेल, तर धुणे संपताना इंधनाची नळी काढावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचे प्रमाण पुस्तिकेत पाहूनच ठेवावे. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर.

३. तेल, प्लग, झिंक

गिअर ऑइल दुधासारखे दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे असे समजावे. दीर्घकाळ ठेवताना स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढावी. इंजिनाला लावलेला झिंकचा तुकडा ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजतो. निम्मा झिजला की बदलावा. त्याला रंग कधीही लावू नये. रंगाखाली तो निकामी होतो. पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला जाळ्याचा दोरा काढून टाकावा, तो सील कापतो.

४. बॅटरी

शिसे-आम्ल बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. काही तास विश्रांती दिल्यावर मल्टिमीटरने मोजा : १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे पाव. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर ती कायमची खराब होते. म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करावी. काढताना ऋण टोक आधी, लावताना ऋण टोक शेवटी. पाना धन टोकावर असताना चुकून इंजिनाच्या अंगाला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. खोली मोकळी हवी, जवळ विडी किंवा दिवा नको. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड सोड्याच्या पाण्याने धुवून, पुसून, व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

५. तारा आणि जोड

इथे थोडे गणित. समजा दिवा बॅटरीपासून ५ मीटरवर आहे आणि ५ ॲम्पियर घेतो. जाऊन-येऊन तार १० मीटर. तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर रोध सुमारे ०.०७ ओहम, म्हणजे ०.३५ व्होल्टची घट. हे १२ व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या आत आहे. तार १ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.८७ व्होल्ट, सात टक्क्यांवर. आणि एका गंजलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहम असला, तर त्या एका जागी पूर्ण १ व्होल्ट जातो आणि ५ वॉट उष्णता होते. दिवा मंद झाला की लोक बॅटरी बदलतात; दोष बहुधा जोडात असतो. म्हणून कथिल चढवलेली तार वापरावी, नुसते पिळलेले जोड ठेवू नयेत, फ्यूज बॅटरीजवळ बसवावा.

बुडालेले इंजिन

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गजा' वादळ आले, तेव्हा मल्लिपट्टिणमच्या अनेक बोटी फुटल्या, बुडाल्या. अशा वेळी इंजिन बाहेर काढून लगेच चालू करून पाहणे ही मोठी चूक. आधी गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून पाणी निथळावे, दोरी हळू ओढावी. अडकत असेल तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये तेल सोडून त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावे. नेता येत नसेल तर ते गोड्या पाण्यातच बुडवून ठेवावे. मीठ आणि हवा एकत्र आली की गंज झपाट्याने धरतो.

पालकांसाठी

मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. इंजिन बंद खोलीत चालवू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. प्लगचे काम करताना त्याची तार काढून इंजिनाच्या लोखंडी भागाला टेकवावी. ज्यांच्या घरी होडी नाही पण शेतावर पेट्रोल पंपाचे इंजिन आहे, त्यांनी इंधन, प्लग आणि तेल यांचे नियम तिथे वापरावेत.

स्वाध्याय

१) घरातल्या कोणत्याही १२ व्होल्ट बॅटरीचे व्होल्टेज सलग चार आठवडे, दर रविवारी नोंदवा.
२) तार ४ चौरस मिलिमीटरची असती तर वरील उदाहरणात घट किती झाली असती?
३) एका वहीत इंजिन धुतल्याची तारीख, तेल बदलल्याची तारीख आणि झिंकची स्थिती लिहा. सुट्टी संपल्यावर ती वही वर्गात घेऊन या.