सहलीचा ताळेबंद

सहल म्हटली की वर्गणी, बस आणि जेवण या तीन गोष्टींचा हिशेब आपण चोख ठेवतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गाच्या सहलीचा जमाखर्च माझ्याकडे होता. पै न् पै जुळली. पण त्या वहीत काही खर्च लिहायचे राहून गेले, हे मला नंतर उमगले.

ऑगस्टमध्ये आम्ही गोकाकच्या धबधब्यावर गेलो होतो. बेळगावहून साठेक किलोमीटरवर घटप्रभा नदी तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. कड्याच्या वरच्या अंगाला काही मित्र पाण्यात उतरू लागले. जवळच फलक होता : ‘नीरिगे इळियबेडि’, म्हणजे पाण्यात उतरू नका. मराठी शाळेतून आलेल्या त्या मित्रांना तो वाचता येईना. मीही मराठी माध्यमाचाच, पण शेजारपाजारामुळे कन्नड वाचतो. मला कळले, तरी ‘भित्रा’ म्हणतील म्हणून मी गप्प राहिलो. तेवढ्यात एकाचा पाय शेवाळावरून सरकला. मागच्याने शर्ट धरला, म्हणून तो वाचला.

तेव्हा पहिला धडा असा की, ज्याला फलक वाचता येतो त्याने तो मोठ्याने वाचून दाखवावा. दोन्ही भाषा येणे हे अशा वेळी नुसते भूषण नसते, ती जबाबदारी असते.

दुसरे, आकाश निरभ्र आहे म्हणून नदीवर भरवसा ठेवू नये. घटप्रभेवर वर हिडकलचे धरण आणि धुपदाळचा बंधारा आहे. वरून पाणी सुटले की पाऊस नसतानाही पात्र फुगते. कोणी पाण्यात पडलेच, तर पाठोपाठ उडी घेऊ नये. दोर, ओढणी किंवा लांब काठी काठावरूनच द्यावी आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. बसमध्ये चढताना व उतरताना माणसे मोजावीत.

तिसरे जेवणाचे. शिजवलेले अन्न उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दुधाचे पदार्थ घरीच बरे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि केळी यांवर सहल उत्तम होते.

आता राहून गेलेल्या खर्चाविषयी. आम्ही निघताना एक म्हातारा गुराखी आमच्या जागेवरच्या बाटलीच्या काचा वेचत होता. ‘तम्मा, म्हशीच्या पायात जातात,’ एवढेच तो कन्नडात म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून अधिकच लाज वाटली. जवळच महालिंगेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. तेथे दर्शनाला आलेल्यांनी आमचा लाउडस्पीकर दिवसभर सोसला.

आमची वही जुळली, कारण काही खर्च आम्ही त्या म्हाताऱ्याच्या आणि भाविकांच्या नावे टाकला होता. व्यापारात याला कोणी प्रामाणिक हिशेब म्हणणार नाही. यंदाच्या सहलीच्या अंदाजपत्रकात मी दोन बाबी वाढवल्या आहेत : कचऱ्यासाठी चार रिकामी पोती आणि एक लांब दोर. लाउडस्पीकरचे भाडे मात्र खोडून टाकले आहे.