मालमोटार कोणती घ्यावी?

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आई शाळेत आली. वर्गाबाहेर बराच वेळ उभी राहिली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "सर, दोघं भाऊ एकमेकांशी बोलंनात. थोरला म्हणतोय मोठा ट्रक घ्यायचा, धाकटा म्हणतोय जीपसारखी पिकअप. सात-बारावर बोजा चढणार आहे. पोरं तुमचं ऐकतेत, तुम्हीच सांगा." मोटारी विकणे वा विकत घेणे हा आमचा व्यवसाय नव्हे; परंतु यंत्रशास्त्राचे जे दोन-चार धडे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, त्यांचाच हा प्रश्न आहे असे आमच्या ध्यानी आले. शिवाय मंद्रूपच्या पंचक्रोशीत हा प्रश्न एकाच घरचा नाही. म्हणून त्या माउलीस जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

धाकट्याच्या मनात ही कल्पना कोठून आली, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्याने मोबाईलवर अमेरिकेतील पिकअप गाड्यांची चित्रे पाहिली होती. चिखलातून, दगडधोंड्यांतून उड्या मारीत जाणाऱ्या त्या गाड्या 'गॅस'वर चालतात असे त्याने ऐकले व आठवडाभर तो सी.एन.जी.ची चौकशी करीत हिंडला! अमेरिकेत पेट्रोलासच 'गॅस' म्हणतात, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. थोरल्याने मात्र उसाच्या हंगामात कारखान्याच्या दारी उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा पाहिल्या होत्या आणि सोलापूरच्या बाजारातून परप्रांती जाणारा कांदाही पाहिला होता. एकाने चित्र पाहिले, दुसऱ्याने रांग पाहिली. हिशेब मात्र दोघांपैकी एकानेही केला नव्हता.

या वादात वस्तुतः दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. इंधन पेट्रोल असावे की डीझेल, हा एक. आणि गाडीचा बांधा वाटेवाचून जाणारा असावा की ओझे वाहणारा, हा दुसरा. प्रथम इंधनाकडे वळू.

निकोलस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार टप्प्यांचे यंत्र सिद्ध केले. आजचे पेट्रोल यंत्र त्याच वंशातील आहे. त्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सुमारे दशांश जागेत दाबून विजेच्या ठिणगीने पेटवितात. रुडॉल्फ डीझेल याने १८९२ साली दुसरीच युक्ती पुढे मांडली आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे तिचे यशस्वी यंत्र चालून दाखविले. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तीच हवा सोळा-अठरा पट दाबली तर ती इतकी तापते की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ते ठिणगीवाचून पेट घेते. दाब अधिक, म्हणून एका लिटरातून काम अधिक निघते. त्यातही लिटरामागे डीझेलात पेट्रोलाहून सुमारे दशांश ऊर्जा जास्त असते. परंतु एवढा दाब सोसावयाचा तर यंत्राच्या भिंती जाड हव्या, दांडे जाड हवे. म्हणून डीझेल यंत्र जड व महाग होते, आणि फिरतेही सावकाश. आपल्या विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन ज्यांनी ऐकले आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

येथे अश्वशक्ती आणि जोर यांतील भेद समजून घेतला पाहिजे, कारण विक्रेते नेहमी पहिलीच सांगतात. चाक पिळून फिरविण्याचा जो जोर, त्यास मेकॅनिक लोक टॉर्क म्हणतात. जोरास फिरण्याच्या वेगाने गुणले म्हणजे शक्ती मिळते. तट्टू आणि खिलारी बैल दिवसाकाठी सारखेच काम करतील; पण रुतलेली गाडी जागची हलवावयास आपण तट्टू जुंपीत नाही. अमेरिकेत २०१९ साली रॅम नावाची एकच गाडी दोन प्रकारे मिळत असे. पॉवर वॅगन हा पेट्रोलचा प्रकार: अश्वशक्ती ४१०, टॉर्क सुमारे ५८० न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटास ४,००० फेरे झाल्यावर. कमिन्स डीझेलचा प्रकार: अश्वशक्ती ३७०, म्हणजे कमीच, परंतु टॉर्क सुमारे १,१५० न्यूटन-मीटर, आणि तो १,७०० फेऱ्यांच्या आसपास. पहिली पावणेपाच टनांच्या आसपास ओढी, दुसरी सुमारे नऊ टन. केवळ अश्वशक्ती पाहून गाडी निवडणारा मनुष्य येथे नेमका फसला असता.

या दोन्ही नावांचा आपल्या मुलखाशी संबंध आहे, म्हणून किंचित विषयांतर करतो. पॉवर वॅगन ही डॉज कंपनीने महायुद्धातील लष्करी गाडीवरून १९४६ साली काढली. त्याच सुमारास डॉजच्या मालमोटारी हिंदुस्थानात जोडण्याचा उद्योग ज्याने उभारला, तो पुरुष सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरास झाला; त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. त्या जीपचे यंत्र पेट्रोलचे, अवघ्या साठ अश्वशक्तींचे. पण चारही चाके ओढीत असल्यामुळे ती नांगरटीतूनही जाई. पुढे १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेन्झच्या साह्याने डीझेल मालमोटारी बांधावयास घेतल्या आणि अवजड वाहतुकीतून पेट्रोल हळूहळू हद्दपार झाले. कमिन्सची यंत्रे पुण्यात किर्लोस्करांच्या भागीदारीत १९६२ साली स्थापन झालेल्या कंपनीत होऊ लागली. तात्पर्य, दोघा भावांचा वाद ज्या दोन घराण्यांचा, ती दोन्ही महाराष्ट्रात नांदून गेली आहेत.

आता बांध्याचा प्रश्न. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. मंद्रूपची जमीन काळी. ज्वारीस ती माता आहे, पण चाकास वैरीण. पाऊस पडला की ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा लिंपून टाकते आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागते. अशा वेळी यंत्राचा जोर कितीही असो, व्यर्थ! कारण डिफरन्शियल नावाची जी दातेरी पेटी दोन चाकांच्या मध्ये असते, ती दोघांस सारखाच जोर वाटते; एक चाक घसरले की दुसऱ्यासही तितकाच क्षुल्लक जोर मिळतो. जोडीतला एक बैल खाली बसला तर दुसरा कितीही तगडा असला तरी जू तिरपे होते आणि गाडी हलत नाही, तसेच हे. वाटेवाचून जाणाऱ्या गाडीत ही पेटी कुलूपबंद करण्याची सोय असते; मग दोन्ही चाके एकाच आसासारखी फिरतात. पुढे दोर गुंडाळण्याचा विंच असतो, पोट जमिनीपासून उंच असते आणि स्प्रिंगा मऊ असतात, जेणेकरून खाचखळग्यांत चारही पाय जमिनीस लागून राहावेत.

परंतु याच मऊ स्प्रिंगा तिचे वैगुण्यही होत. ज्या स्प्रिंगा खड्ड्यात वाकतात, त्या ओझ्याखालीही वाकतात. वर सांगितलेली पॉवर वॅगन एवढी धिप्पाड, तरी तिच्या हौद्यात पाऊण टनाहून अधिक माल घालता येत नसे. आणि अवजड डीझेल यंत्राचे वजन जवळजवळ अर्धा टन, तेही सारे पुढच्या आसावर. म्हणून तशी गाडी चिखलात प्रथम नाकाने रुतते. दोन्ही गुण एकाच गाडीत मागणे म्हणजे शर्यतीच्या बैलाकडून मोट ओढविणे होय.

आपल्या बाजाराविषयी येथे सांगणे प्राप्त आहे. धाकट्याने चित्रात पाहिली तशी, चारही चाकांची ओढ असलेली नवी पेट्रोल पिकअप आपल्याकडे सहजी मिळत नाही. तशी ओढ असलेल्या येथील पिकअप बहुधा डीझेलच्याच असतात. पेट्रोलच्या ज्या मिळतात त्या लहान, दोनच चाके ओढणाऱ्या. तेव्हा त्याच्यापुढे खरी निवड लहान पेट्रोल पिकअप, लहान डीझेल पिकअप आणि थोरल्याचा ट्रक अशी तिहेरी आहे.

हा हिशेब आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर मांडला. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, पेट्रोल १०८ रुपये लिटर आणि गाडी लिटरास ९ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरास १२ रुपये. डीझेल ९६ रुपये आणि गाडी १२ किलोमीटर जाते. म्हणजे ८ रुपये. बचत किलोमीटरामागे ४ रुपये. डीझेल गाडी २ लाख रुपयांनी महाग असेल, तर तो फरक भरून येण्यास ५०,००० किलोमीटर लागतात. जो शेतकरी घर, शेत व बाजार मिळून रोज २० किलोमीटर फिरतो, त्यास सुमारे सात वर्षे लागतील. जो वर्षाचे ३०० दिवस रोज १५० किलोमीटर माल वाहतो, त्यास अवघे तेरा-चौदा महिने. एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, कर्जाचं व्याज कुठं धरलं?" प्रश्न योग्य होता. व्याज धरिले की सातांची वर्षे आणखी वाढतात.

यात आणखी एक गोष्ट मिळवावी. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासून डीझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. लांबच्या प्रवासात ती तापून आपोआप साफ होते; परंतु घर ते मळा अशा तीन-चार किलोमीटरांच्या खेपा घालीत राहिल्यास ती तुंबते, आणि मग गॅरेजचा खर्च लागतो. मोठ्या गाड्यांस त्याशिवाय युरियाचे पाणीही घालावे लागते. हे नियम उगाच आलेले नाहीत: डीझेलच्या धुराने कर्करोग होतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली दिला आहे. पेट्रोलातही आता वीस टक्के इथेनॉल असते. आपल्याच उसाचा अंश टाकीत येतो, ही आनंदाची गोष्ट. पण इथेनॉलात लिटरामागे ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी, त्यामुळे गाडी थोडी कमी धावते, हेही हिशेबात धरावे.

परवान्याचा विचार तर बहुतेक जण गाडी दारात आल्यावर करतात. एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. दोन आसांच्या ट्रकाचे भारासह वजन २०१८ च्या नियमाप्रमाणे साडेअठरा टनांपर्यंत जाते. त्यास अवजड वाहनाचा परवाना लागतो. थोरल्याजवळ तो नाही. म्हणजे चालक ठेवणे आले व त्याचा पगार आला. हंगामात ट्रक रात्रंदिवस पळेल. पण हंगाम सरल्यावर तो दारात उभा राहील आणि बँकेचा हप्ता मात्र उभा राहणार नाही.

हे आम्ही इतक्या आग्रहाने लिहितो, त्यास कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पालकांनी आम्हांस हाच प्रश्न विचारला होता. आम्ही तरुण होतो. डीझेलची कार्यक्षमता अधिक, हा पुस्तकातील धडा ताजा होता. मोठा ट्रक घ्या असे आम्ही बेधडक सांगितले. वर्षातील किती दिवस त्यास काम मिळेल, हे विचारावयाचे आम्हांस सुचलेच नाही. ट्रक तिसऱ्या वर्षी गेला, त्याच्यापाठी दोन एकर गेले. त्या गृहस्थांनी आम्हांस कधीही बोल लावला नाही. लूकच्या शुभवर्तमानातील, बुरूज बांधण्यापूर्वी खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दाखला आम्ही दर वर्षी प्रार्थनेच्या तासास समजावून सांगतो. तो सांगताना आजही आमचा आवाज थोडा अडतो.

पाण्याविषयी एक सूचना मध्येच देऊन टाकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेस महापूर आला, तेव्हा वडकबाळकडील रस्त्याची काय अवस्था झाली हे आपण पाहिलेच आहे. चार चाकांची ओढ असली म्हणजे पुरातून जाता येते, हा भ्रम आहे. वाहते पाणी दोन फूट झाले की बहुतेक गाड्या ते उचलून नेते. हवेच्या वाटेने पाणी आत शिरले तर, पाणी दबत नसल्यामुळे, यंत्राचा दांडा वाकतो. तेथे पेट्रोल व डीझेल दोघांचेही सारखेच.

मग त्या दोघा भावांस आम्ही काय सांगितले? गाडीचे नाव सांगितले नाही. एक वही दिली आणि तीत चार रकाने आखून दिले: तारीख, किती किलोमीटर, किती माल, वाट डांबरी की मातीची. एक वर्षपर्यंत भाड्याच्या गाडीने जे वाहाल ते लिहा, असे म्हटले. मुळात ऊस कारखान्याच्या ठरलेल्या वाहनांतून जातो, तेव्हा स्वतःचा माल किती, हेच प्रथम कळले पाहिजे. आमचा स्वतःचा अंदाज लहान डीझेल पिकअपकडे झुकतो, कारण त्यांचा कांदा व भाजीपाला आठवड्यातून चार वेळा सोलापुरास जातो आणि शेतवाट पावसाळ्यात दोन महिने वाईट असते. रुतलीच तर शेजारचा ट्रॅक्टर आहे. पण खेपा मळ्यापुरत्याच निघाल्या, तर आम्हांस आमचा अंदाज बदलून पेट्रोल म्हणावे लागेल. आणि शेजाऱ्यांचा माल बारमाही मिळाला, तर थोरल्याचे म्हणणे खरे ठरेल.

गेल्या महिन्यात ती माउली पुन्हा भेटली. वही थोरला लिहितो, धाकटा बेरीज करतो, आणि त्या निमित्ताने दोघे एका दिव्याखाली बसतात, असे तिने सांगितले. पाने निम्मी भरली आहेत.