सार्वजनिक वाय-फाय आणि आपले खाते

महामार्गालगतचे काशीगाव आज मीरा-भाईंदर महानगराचा भाग आहे. येथून रोज कामावर जाणारा शिक्षक वा कर्मचारी वाटेतील स्थानकावर, उपाहारगृहात मोफत वाय-फाय मिळताच कार्यालयीन खाते उघडतो. त्या खात्यात विद्यार्थ्यांच्या नोंदी असतात, लाभार्थ्यांचे बँक तपशील असतात. म्हणून हा प्रश्न केवळ वैयक्तिक राहत नाही.

बिल्ल्याची चोरी

देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. परत देणारा चेहरा पाहत नाही, बिल्ला पाहतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. परवलीचा शब्द एकदा तपासून ते आपल्या यंत्राला ‘कुकी’ नावाची सांकेतिक खूण देते व पुढे तीच ओळख मानते. ही खूण ज्याच्या हाती पडेल, त्याला परवलीचा शब्द लागत नाही. मोबाइलवर येणारा ओटीपीही बहुधा विचारला जात नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे साधन प्रसिद्ध करून खुल्या वाय-फायवर ही चोरी किती सोपी आहे, हे दाखवून दिले. त्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी सर्व दळणवळण सांकेतिक केले. फेसबुकने हे काम २०१३ मध्ये पूर्ण केले.

धोका कोठे उरला?

पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असल्यास मधला माणूस मजकूर वाचू शकत नाही. परंतु बनावट संकेतस्थळालाही ही अक्षरे मिळू शकतात. म्हणून पुढील नाव अक्षरशः तपासावे. स्थानकाच्या नावाने कोणीही बनावट वाय-फाय उभारू शकतो. सुरक्षिततेचा इशारा दिसूनही पुढे जाणे, ही सर्वांत मोठी चूक होय.

काय करावे?

कार्यालयीन व बँकेच्या कामासाठी मोबाइलचाच डेटा वापरावा. वाय-फायला आपोआप जोडले जाण्याची सोय बंद ठेवावी. काम संपताच ‘लॉग आउट’ करावे. केवळ खिडकी बंद केल्याने बिल्ला रद्द होत नाही. संशय येताच ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्याय निवडून परवलीचा शब्द बदलावा.

दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क (सी) नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. लाभार्थ्याने विश्वासाने दिलेली माहिती जपणे, हेही लोकसेवेचेच अंग आहे.