‘पुस्तक’ म्हणजे नेमकं काय?

नारायण पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयाची यादी संगणकावर चढवायचं काम मी घेतलं. करारात कामाची व्याख्या एका ओळीत होती: ‘सर्व पुस्तकांची नोंद, मुदत चार महिने.’ मी बिनधास्त सही केली.

दुसऱ्याच आठवड्यात कपाटातून केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश निघाला. खंड 23, पहिले पाच तर नुसते प्रस्तावनेचे. याची नोंद एक की तेवीस? मी एक धरली होती. ग्रंथपाल म्हणाले, “अहो, वाचक खंड मागतो. तेवीस करा.” त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं. वेळ किती वाढेल हे त्यांना सांगितलंच नाही. मग मासिकांचे बांधीव गठ्ठे आले. प्रत्येक अंक वेगळा धरायचा? दिवाळी अंकांतले लेखसुद्धा? पाठोपाठ सभासदांची वर्गणी, उशिराचा दंड. दर वेळी “एवढं जाता जाता करून टाका”, दर वेळी चहाच्या कपावर माझा होकार. चार महिन्यांचे अकरा झाले. माझ्या हाताखालची दोन मुलं दमून काम सोडून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. जादा कामाचे पैसे मागायला गेलो तर दाखवायला एक चिठोरं नव्हतं.

म्हणून सांगतो, सही करण्याआधी कपाटं उघडायला लावा. सगळ्यात अडचणीच्या दहा वस्तू हातात घ्या आणि प्रत्येकीची नोंद कशी मोजायची ते तिथेच लिहून घ्या. ‘या कामात काय येत नाही’ याचं वेगळं पान करा. लोक संकोचानं ते टाळतात, पण पुढे तेच पान कामी येतं.

नवी मागणी आली की तोंडावर नाही म्हणू नका, हो तर मुळीच म्हणू नका. “किती दिवस, किती पैसे, उद्या लिहून देतो,” एवढंच म्हणा. मुदत हलणार नसेल तर बदल्यात काय गाळायचं तेही मागणाऱ्यांनाच विचारा. गणेशोत्सवात आमच्या पेठेत हे कुणाला शिकवावं लागत नाही: चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, मग देखाव्यातला एखादा भाग आपसूक गळतो.

आपल्या माणसांवरही लक्ष ठेवा. आमच्या एका मुलानं हौसेनं शोधाची जादा सोय केली. मी पाठ थोपटली, आणि ती तपासण्यात आठवडा गेला. तीही नव्या मागण्यांसारखी आधी लिहून घ्यायला हवी होती. आणि काम देणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीत पाच जण असतील तर होकाराची सही कोणा एकाची, हे करारातच नावानिशी घाला.