दाराकडे लागलेले डोळे

विद्यार्थिमित्रहो, दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या बेळगाव भागातील कितीतरी घरांत सामानाची बांधाबांध सुरू होते. कोणी पुण्यास निघतो, कोणी कोल्हापुरास, तर कोणी बंगळुरास. आई डबे भरते, वडील पैशांची तजवीज करतात, आजी हातावर दही घालते. मुलगा कोठे चालला, कशासाठी चालला आणि केव्हा परतणार, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते. एका सोबत्यास मात्र यांतील काहीच ठाऊक नसते. तो म्हणजे घरचा कुत्रा. त्याच्याविषयी आपण आज थोडा विचार करू.

पहिला प्रश्न असा की, दूर गेलेल्या माणसाची कुत्र्यास खरोखर आठवण राहते, की ती केवळ आपली कल्पना? विख्यात शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याने याची परीक्षाच घेतली होती. ‘बीगल’ जहाजावरून जगाची सफर करून १८३६ साली तो घरी परतला. त्याचा कुत्रा रागीट होता व परक्या माणसांस जवळ करीत नसे. पाच वर्षे आणि दोन दिवसांनंतर डार्विनने त्याच्या तबेल्याजवळ जाऊन पूर्वीच्याच रीतीने हाक मारली. कुत्र्याने आनंदाचा गाजावाजा केला नाही. पण जणू अर्ध्या तासापूर्वीच ताटातूट झाली असावी, तसा तो निमूटपणे मालकामागे फिरावयास निघाला व त्याची आज्ञा पाळू लागला. ही हकीकत डार्विनने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे.

ही आठवण बव्हंशी वासाच्या आधाराने टिकते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना यंत्रात स्वस्थ पडून राहण्याचे शिक्षण दिले आणि निरनिराळे वास देऊन त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १२ कुत्रे होते. सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा भाग सर्वांत अधिक जागृत झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने. आणि ते माणूस त्या वेळी समोर नव्हते! मुलगा गावाला गेल्यावर कुत्रा त्याच्या अंथरुणापाशी जाऊन का बसतो, हे यावरून काहीसे उमगते.

काळाचे भानही त्याला अगदीच नसते असे नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, मालक अर्ध्या तासाने परतला त्यापेक्षा दोन तासांनी परतला असता कुत्रा त्याचे स्वागत अधिक उत्साहाने करतो. मात्र ‘मी दिवाळीच्या सुटीत येईन’ हे वाक्य आपण त्यास कोणत्याही उपायाने समजावू शकत नाही. आईला पत्र पाठविता येते, दूरध्वनीवर बोलता येते; कुत्र्यास केवळ वाट पाहणे तेवढे उरते.

येथेच एक साधे गणित मांडून पाहा. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः १० ते १५ वर्षांचे. मुलगा आठ वर्षांचा असताना पिल्लू घरी आणले असेल, तर तो अठराव्या वर्षी घर सोडतो तेव्हा कुत्रा दहा वर्षांचा, म्हणजे वृद्ध झालेला असतो. आपल्या तारुण्याचा आरंभ आणि त्याच्या वार्धक्याचा आरंभ एकाच वेळी होतो. आपण शिकून परत येईपर्यंत तो असेलच, अशी शाश्वती नसते.

ग्रीक महाकवी होमर याच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात आर्गस नावाचा कुत्रा आहे. त्याचा धनी वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. कोणी माणूस त्यास ओळखत नाही, पण आर्गस ओळखतो. शेपटी हलवितो, कान पाडतो आणि प्राण सोडतो. ही कथा निष्ठेची म्हणून सांगितली जाते. परंतु तीत आणखीही एक गोष्ट आहे. धनी नाही म्हणून चाकरांनी त्या कुत्र्याची हेळसांड केलेली असते आणि तो उकिरड्यावर पडून असतो. ‘हा त्याचा कुत्रा होता’ असे म्हणून घरच्यांनी अंग काढून घेऊ नये, हा बोध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून घर सोडणाऱ्यांनी काही गोष्टी अवश्य कराव्यात. जाण्यापूर्वी महिनाभर आधीपासून त्याला खाऊ घालण्याचे व फिरविण्याचे काम धाकट्या भावंडाकडे हळूहळू सोपवावे. आपला एखादा वापरलेला, न धुतलेला सदरा त्याच्या जागेवर ठेवावा. रेबीजच्या लशीची तारीख वहीत लिहून घरच्यांच्या स्वाधीन करावी. घरच्यांनीही त्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा मोडू नयेत. एक-दोन दिवस त्याने अन्नास तोंड लावले नाही, तर केवळ विरह समजून स्वस्थ न बसता पशुवैद्यास दाखवावे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अन्नत्यागामागे पुष्कळदा आजारच असतो.

मित्रहो, तुम्ही अवश्य दूर जा आणि शिकून मोठे व्हा. पण सुटीत घरी आलात म्हणजे मोठ्यांच्या पाया पडल्यावर घटकाभर अंगणात बसा. तो पूर्वीसारखा धावत आला नाही तर रागावू नका; त्याचे पाय थकलेले असतील. अशा वेळी आपण उठून त्याच्यापाशी जावे, हेच योग्य होय.